जुन्या गाडीचा टॅकोमीटर घरच्या टेबलावर कसा तपासायचा

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागात, आमच्या दारातच काकांची अँबॅसेडर उभी होती. पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं. ओसरल्यावर सीट, कार्पेट, वायरिंग सगळं उतरवून धुतलं, वाळवलं, आणि पुढच्या वर्षी इंजिन पुन्हा सुरू झालं. पण गाडी स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर, टिकेना. कॉलेज कॉर्नरला थांबावं लागलं की इंजिन बसायचं. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट साफ केले. मिस्त्री म्हणाले, "कार्ब्युरेटर परत उतरवूया की." काका म्हणाले, "अहो, दोनदा उतरवलाय. तिसऱ्यांदा काय सापडणार त्यात?"

दोष निघाला भलतीकडेच. इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेतं ते दाखवणारा जुना टॅकोमीटर स्टीअरिंगशेजारी पट्टीवर बसवलेला होता. त्याच्याकडे बघून मिस्त्री स्लो लावत होते, आणि तो मीटरच वीस टक्के जास्त दाखवत होता. काटा ७५० वर असायचा तेव्हा इंजिन ६२५ वर कसंबसं फिरत असायचं. मीटर काढून टेबलावर घेतला, मोजून विजेचे ठोके दिले आणि दहा मिनिटांत हे कळलं. तोवर आमचे तीन महिने आणि दोन कॉइलींचे पैसे गेले होते.

हे काम घरी करता येतं. थोडं सोल्डरिंग आणि मल्टिमीटर वापरता येत असेल तर एक रविवार पुरतो. एकच नियम आधीपासून पाळा: सगळी मापं कागदावर उतरवून होईपर्यंत मीटरच्या एकाही स्क्रूला हात लावायचा नाही.

आधी मीटर ओळखा

मीटर तीन जातींचे भेटतात आणि प्रत्येकाची तपासणी वेगळी.

पहिला यांत्रिक. त्याच्या पाठीला स्पीडोमीटरसारखी केबल येते. आत एक चुंबक फिरतो, तो ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतो, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्या ओढीला रोखून धरते. विजेचा संबंध फक्त दिव्यापुरता.

दुसरा विजेचा, पण कॉइलला जाणाऱ्या करंटवर चालणारा. कॉइलकडे जाणारी वायर मीटरच्या पाठीमागच्या एका छोट्या गाभ्याभोवती वेढा घेऊन पुढे जाते. स्मिथ्स कंपनीच्या जुन्या मीटरवर डायलच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत 'आरव्हीआय' असं लिहिलेलं दिसतं.

तिसरा कॉइलवरच्या व्होल्टेजवर चालणारा. त्याची एक वायर थेट कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला जाते. ल्युकस कंपनीच्या जुन्या कॉइलवर त्या टोकाशेजारी 'सीबी' आणि दुसऱ्या टोकाशेजारी 'एसडब्ल्यू' असं कोरलेलं असतं. स्मिथ्सच्या या जातीच्या डायलवर 'आरव्हीसी' असतं. बाजारात मिळणारे, गाडीला नंतर वरून बसवायचे बहुतेक मीटर याच जातीचे. आमचाही हाच, म्हणून पुढे जास्त बोलणं याच्याबद्दल आहे.

मीटर गाडीतून काढण्यापूर्वी पाठीमागचा फोटो काढा आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. आणखी एक गोष्ट इथेच तपासा, ती चुकली तर मीटर कायमचा जातो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. त्या काळच्या मीटरचं पत्र्याचं घरही पॉझिटिव्ह असतं. त्याला सवयीने उलटी वीज दिली की आतले जुने ट्रान्झिस्टर क्षणात संपतात. डायलवर किंवा पाठीवर खूण शोधा. खूण नसेल तर गाडीचं मूळ वायरिंग बघा, आणि तेही कळत नसेल तर वीज देऊ नका.

ठोक्यांचा हिशोब

फोर स्ट्रोक इंजिनात एक सिलिंडर दोन फेऱ्यांमध्ये एकदा पेटतो. म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन ठिणग्या. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेतं तेव्हा सेकंदाला ५० फेऱ्या आणि १०० ठिणग्या होतात. आरपीएमला, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांना, ३० ने भागलं की सेकंदाचे ठोके, म्हणजे हर्ट्झ मिळतात. सहा सिलिंडरला २० ने भागायचं, आठला १५ ने.

चार सिलिंडरसाठी मी ही मापं घेतो: २५ हर्ट्झला ७५०, ५० ला १५००, १०० ला ३०००, १५० ला ४५०० आणि २०० ला ६०००. एवढी पुरतात. डिझेल गाडीत ठिणगीच नसते, तिचा मीटर बहुधा अल्टरनेटरवरून चालतो, त्याचं गणित वेगळं. ते इथे नको.

घरातला पक्का सूर

मीटर तपासायचा तर त्याच्यापेक्षा भरवशाचं काहीतरी हवं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा लागताना बघा. कारागीर आधी एक सूर पक्का धरतो, तार त्याच्याशी ताडून ऐकतो आणि मगच खुंटीला हात घालतो. आपला पक्का सूर घरातल्या वीजबोर्डावरच आहे.

भारतातली वीज ५० हर्ट्झची. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळंही बाकीच्या देशाशी जुळलं. तेव्हापासून सांगलीतल्या प्लगला आणि दिल्लीतल्या प्लगला एकाच तालात वीज येते. ग्रिडच्या नियमाप्रमाणे ही वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. चार सिलिंडरच्या मीटरवर १०० हर्ट्झला याचा अर्थ २९९४ ते ३००३. टॅकोमीटरचा काटाच याहून जाड असतो.

छोट्या ट्रान्सफॉर्मरला कान लावा. गुणगुण ऐकू येईल. विजेच्या एका आवर्तनात त्याचा गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून ती गुणगुण १०० हर्ट्झची असते. चार सिलिंडरचं इंजिन ३००० वर असताना ठिणग्या याच गतीने पडतात. मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा फार आनंद झाला होता. आजही टेबलावर बसलो की आधी ट्रान्सफॉर्मर ऐकतो.

मात्र लाईट गेलेली असताना हे करू नका. इन्व्हर्टर आणि जनरेटर स्वतःच्या तालात चालतात, त्यांच्या ५० वर विसंबता येत नाही.

लागणारं सामान

१२ व्होल्टची एक बॅटरी. यूपीएसमधली ७ एएचची चांगली चालते. तिच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये अर्ध्या अँपचा फ्यूज घाला, आणि तो टाळू नका. गाडी चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास असतं, म्हणून व्होल्टेज कमीजास्त करता येणारा पॉवर सप्लाय मिळाला तर जास्त बरं.

ठोके देण्यासाठी पीडब्ल्यूएम जनरेटर मॉड्यूल. काडेपेटीएवढा बोर्ड, वर छोटा डिस्प्ले आणि बटणं. हर्ट्झ आणि ड्युटी, म्हणजे सिग्नल किती टक्के वेळ वर राहायचा ते, दोन्ही त्यावर ठरवता येतं. काही शे रुपयांत मिळतो. घेताना सिग्नलची उंची पुरवलेल्या व्होल्टेजइतकी येते ना, एवढं विचारा. १२ व्होल्ट दिले की १२ व्होल्टचे चौकोनी ठोके यायला हवेत.

हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर, क्रोकोडाइल क्लिपा, एक किलोओहमचे दोन-तीन रेझिस्टर, १एन४००७ चे चार डायोड, आणि ०-१२ व्होल्टचा, अर्ध्या अँपचा ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू पूर्ण बंद डब्यात हवी. मेन्सच्या वायरींची सवय नसेल तर तेवढा भाग जाणकाराकडून करून घ्या. बारा व्होल्टच्या बाजूला चूक झाली तर फ्यूज जातो, २३० च्या बाजूची चूक जिवावर बेतते.

जोडणी आणि पहिली वीज

मीटर डॅशबोर्डवर ज्या कलात असतो त्याच कलात टेबलावर उभा करा. मी स्टीलच्या डब्याला टेकवायचो, पण आता लाकडी ठोकळा वापरतो, कारण लोखंड जवळ असलं की काही मीटरचे काटे थोडे सरकतात. स्पीकर तर लांबच ठेवा.

इथून पुढे निगेटिव्ह अर्थचा, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेल्या गाडीचा, व्होल्टेजवर चालणारा मीटर धरून सांगतो. बॅटरीचं निगेटिव्ह मीटरच्या घराला. पॉझिटिव्ह फ्यूजमधून मीटरच्या इग्निशनच्या टोकाला. सिग्नलची वायर अजून जोडायची नाही. मल्टिमीटर करंटवर ठेवून पॉझिटिव्हच्या वाटेत घाला आणि वीज द्या. काटा किंचित हलून शून्यावर बसला पाहिजे. करंट पाव अँपच्या वर गेला तर मी लगेच वीज काढतो आणि आधी आतल्या शॉर्टचा शोध घेतो. पुरात बुडालेल्या मीटरमध्ये हे हमखास होतं, कारण वाळलेला गाळ हवेतली ओल धरतो आणि दोन ट्रॅकच्या मधून वीज वाहते. असा मीटर उघडून आधी मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुवा, दोन दिवस सावलीत वाळू द्या.

दिव्याची जोडणी वेगळी असते. तो पेटला म्हणजे मीटर चालू झाला असं समजू नका.

मॉड्यूल आधी ताडून घ्या

मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवून ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्टच्या टोकांना लावा. ५० च्या अगदी जवळचा आकडा दिसेल. म्हणजे मल्टिमीटर खरं बोलतोय. आता मॉड्यूलवर ५० लावून तोच मल्टिमीटर मॉड्यूलच्या आउटपुटला लावा. दोन्ही आकडे जुळले की मॉड्यूलवर भरवसा ठेवायला हरकत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचा सगळा डोलारा यावर उभा राहतो.

मॉड्यूलची ड्युटी ३३ टक्क्यांच्या आसपास लावा. चार सिलिंडरच्या ल्युकस डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे ज्या भागात पॉइंट असतात त्यात, दर ९० अंशांपैकी सुमारे ६० अंश पॉइंट मिटलेले असतात. तेवढा वेळ कॉइलचं 'सीबी' टोक अर्थवर असतं, उरलेल्या एक-तृतीयांश वेळात वर जातं. आपण त्याचीच नक्कल करतोय.

मापं घेणं

मॉड्यूलचं निगेटिव्ह बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडा, आउटपुट एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून मीटरच्या सिग्नल वायरला. मीटर दहा मिनिटं गरम होऊ द्या, मग २५ हर्ट्झपासून सुरुवात करा. प्रत्येक ठिकाणी काटा स्थिर होईपर्यंत थांबा, डोळा काट्याच्या बरोबर समोर ठेवा आणि आकडा लिहा. २०० पर्यंत चढलात की त्याच टप्प्यांवर परत उतरा आणि उतरतानाचे आकडे शेजारच्या रकान्यात लिहा.

आमच्या मीटरच्या कागदावर चढताना असं होतं: ७५० च्या जागी ९००, १५०० च्या जागी १८००, ३००० च्या जागी ३६००. उतरतानाही तेच.

काटा हललाच नाही तर लगेच मीटरला दोष देऊ नका. गाडीत पॉइंट उघडताना कॉइलवर काहीशे व्होल्टचा झटका येतो आणि काही मीटर तो मिळाल्याशिवाय जागे होत नाहीत. रेझिस्टर काढून सिग्नल थेट देऊन पाहा. तरीही काटा हलला नाही तर मॉड्यूलने एक १३००३ ट्रान्झिस्टर चालवा. जुन्या सीएफएल दिव्यात तो सापडतो आणि ४०० व्होल्ट सोसतो. त्याच्या कलेक्टरला १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल लावा, कलेक्टर आणि एमिटरच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा कपॅसिटर ठेवा आणि सिग्नल कलेक्टरवरून घ्या. रिले भुंग्यासारखा घरघरतो, घाबरू नका. मात्र कलेक्टरला बोट लावू नका, चांगला झटका बसतो.

शेवटी मॉड्यूल बाजूला ठेवून थेट मेन्सचा ताल द्या. ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्टवर एक डायोड लावला की सेकंदाला ५० ठोके, म्हणजे १५००. चार डायोडचा ब्रिज केला की १००, म्हणजे ३०००. आउटपुट आणि अर्थच्या मध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर ठेवा, म्हणजे प्रत्येक ठोका पूर्ण खाली येईल. सवयीने फिल्टरचा कपॅसिटर लावू नका, तो ठोकेच पुसून टाकतो.

करंटवाला आणि केबलवाला

आरव्हीआय जातीच्या मीटरला व्होल्टेजचे ठोके देऊन काही होत नाही, त्याच्या वेढ्यातून खरा करंट गेला पाहिजे. मॉड्यूलच्या आउटपुटने आयआरएफझेड४४ हा मॉसफेट, म्हणजे स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर, चालवा आणि बॅटरीपासून २१ वॅटच्या दोन समांतर बल्बांमधून, मीटरच्या वेढ्यातून, मॉसफेटमधून अर्थला करंट जाऊ द्या. या वाटेला ५ अँपचा वेगळा फ्यूज घाला. वेढ्याची दिशा महत्त्वाची. काटा हलत नसेल किंवा वेड्यासारखा उडत असेल तर वेढ्याची टोकं उलटी करून पाहा. पॉझिटिव्ह अर्थचा मीटर असेल तर मीटरची स्वतःची वीज वेगळ्या बॅटरीवरून द्या, म्हणजे दोन अर्थांचा गोंधळ होत नाही.

केबलवाल्यासाठी ड्रिल मशीन पुरतं. केबलच्या टोकाच्या मापाचा चौकोनी दांडा ड्रिलमध्ये धरा आणि आधी ड्रिलची खरी गती मोजा. चमकपट्टी लावून लांबून गती मोजणारा मीटर कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तासाभरासाठी मिळतो. बऱ्याच गाड्यांत ही केबल इंजिनच्या निम्म्या गतीने फिरते, मग ड्रिल १५०० वर असताना डायलवर ३००० दिसायला हवेत. तुमच्या गाडीचं प्रमाण आणि फिरण्याची दिशा आधी पक्की करा.

कागद काय सांगतो

सगळीकडे एकाच प्रमाणात चूक, जशी आमची, म्हणजे यंत्रणा ठीक आहे, मोजण्याचं प्रमाण बिघडलंय. दर ठोक्याला मीटर काट्याकडे विजेची एक ठरावीक मात्रा पाठवतो. ती मात्रा ज्या कपॅसिटर आणि रेझिस्टरवर ठरते त्यांची किंमत सरकली, किंवा कोणीतरी प्रीसेट, म्हणजे स्क्रूने कमीजास्त करता येणारा छोटा रेझिस्टर, फिरवला, की असं होतं. प्रमाण दीडपट किंवा दोन-तृतीयांश आलं तर आधी पाठीमागचा ४-६-८ सिलिंडरचा स्विच बघा. सहावर राहिलेला स्विच चार सिलिंडरच्या ३००० ला २००० दाखवतो. तो आठ-दहा वेळा मागेपुढे केला की गंजलेले संपर्कही साफ होतात.

सगळीकडे सारखाच फरक, समजा २०० जास्त, म्हणजे काटा दांड्यावर सरकलाय. खाली बरोबर आणि वर मागे पडतो, म्हणजे वेगाने आलेले काही ठोके मोजायचे राहतायत. चढतानाचे आणि उतरतानाचे आकडे वेगळे, आणि काचेवर नखाने हलकं टिचकावल्यावर काटा पुढे सरकतो, म्हणजे आत घर्षण आहे. बहुधा चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कण अडकलेला असतो. तो चिकटपट्टीच्या टोकाने अलगद उचलायचा. तिथे तेल किंवा स्प्रे मारू नका. चार दिवस काटा छान फिरेल, मग धूळ चिकटून कायमचा बसेल.

व्होल्टेज १२ वरून १४ केल्यावर काटा सरकत असेल तर आतला झेनर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा डायोड, गेलाय. ड्युटी २० ते ५० फिरवल्यावर आकडा बदलत असेल तर इनपुटकडचा कपॅसिटर संशयित. चांगला मीटर फक्त ठोके मोजतो, ठोका किती रुंद आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

आणखी एक चाचणी मी सोडत नाही. एप्रिलच्या उन्हात मीटर अर्धा तास गॅलरीत ठेवतो आणि १०० हर्ट्झ पुन्हा देतो. सांगलीच्या उन्हाळ्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही, मीटरचं खरं आयुष्य तिथेच जातं.

आता स्क्रू

मात्रा ठरवणारा कपॅसिटर बदलायचा तर त्याच किमतीचा पॉलिएस्टरचा घ्या. मग १०० हर्ट्झ देऊन काटा ३००० वर येईपर्यंत प्रीसेट फिरवा. बऱ्याच मीटरमध्ये तो पाठीमागच्या छिद्रातून, बूच काढलं की दिसतो. बारीक, प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर वापरा. एकदम फिरवू नका, केसभर फिरवा आणि थांबा. आमच्या मीटरच्या प्रीसेटवर पुराच्या पाण्याने हिरवी गंज चढली होती. कसाही फिरवला तरी काटा उडी मारायचा, म्हणून तो काढून त्याच किमतीचा नवा सोल्डर केला. ३००० जुळल्यावर पुन्हा पाचही ठिकाणी मापं घ्या. स्लोवर जुळवून सोडून देणं ही नेहमीची चूक. ७५० ला काट्याच्या जाडीएवढा फरक राहिला तर वर तो कितीतरी पट होतो.

बेझल, म्हणजे काचेभोवतीची पत्र्याची कडी, बंद करताना जुनं रबर कडक झालेलं असेल तर नवं घाला. पत्र्याच्या कडा एकदम न दाबता समोरासमोरच्या जागा आळीपाळीने थोड्या थोड्या वळवा, नाहीतर काच तडकते.

गाडीत बसवल्यावर टेबलावरचं आणि गाडीतलं वागणं वेगळं दिसलं तर मीटर पुन्हा उघडू नका. दोष अर्थच्या वायरमध्ये किंवा कॉइलकडच्या जोडात शोधा. आमच्याकडे पट्टीला लावलेला रंग अर्थ होऊ देत नव्हता, तो खरवडल्यावर काट्याची थरथर थांबली. मग मिस्त्रींनी स्लो खरोखरच्या ७५० वर लावला.

मीटरच्या पाठीवर मी मास्किंग टेपचा तुकडा लावलाय. त्यावर तारीख, टेबलावरचं व्होल्टेज आणि पाच आकडे लिहिलेत. दर दिवाळीत गाडी साफ करताना मीटर काढतो, तीच पाच मापं घेतो आणि नवी ओळ जुनीच्या खाली लिहितो.